स्कीची धार आणि बेस घरीच सांभाळायचा संच: अख्ख्या हंगामानंतर

एज गाईड (कानस किंवा स्टोन ठरलेल्या कोनात धरणारा साचा), तीन डायमंड स्टोन, कानस, वॅक्स वितळवून लावायची इस्त्री, जादा वॅक्स खरवडायचा प्लास्टिकचा स्क्रेपर आणि दोन ब्रश असा हा संच. स्की आणि स्नोबोर्ड, दोन्हींवर हंगामभर वापरला. एज म्हणजे त्यांच्या कडेची पोलादी पट्टी, बेस म्हणजे बर्फावरून घसरणारा तळ.

पैसे वसूल झाले ते गाईडमुळे. बाजूची एज मी ८८ अंशांवर ठेवते. नुसत्या हाताने, कितीही सराव असला तरी, कोन हलतोच. गाईडमध्ये तो हलत नाही. कडक बर्फावर फरक लगेच कळतो, वळणात स्की घसरत न जाता पकड धरून राहते. पण गाईड प्लास्टिकचा आहे आणि ते मला खटकतं. त्याच्याखाली लोखंडाचा कीस अडकला की कोनही बिघडतो आणि बेसवर ओरखडेही उठतात, म्हणून सारखं फडक्याने पुसत राहावं लागतं.

कानस फारशी लागलीच नाही. दगडावर आपटलेली एज त्या जागी इतकी कडक होते की कानस तिच्यावरून नुसती सरकते आणि तिचेच दात बोथट होतात. तिथे आधी जाड दाण्याचा डायमंड स्टोन, पाण्यात बुडवून. सुरुवातीला करकर आवाज येतो, बोटांना अडकल्यासारखं जाणवतं. हात सुळकन जायला लागला की पुढचा बारीक स्टोन. उतारावरून परतल्यावर दोन-चार हात मारले तर धार टिकते आणि एजचं पोलाद वाचतं. बेसच्या बाजूचा कोन मात्र उगाच छेडू नका. तो एकदा वाढला की बेस मशीनवर ग्राइंड केल्याशिवाय मागे येत नाही.

इस्त्री उत्तम. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होत राहतं, हिचं स्थिर राहतं. वॅक्सच्या वेष्टनावर लिहिलंय तेवढंच ठेवायचं. धूर निघाला तर जास्त झालंय. इस्त्री एका जागी क्षणभरही थांबवायची नाही, नाहीतर बेस जळतो. माझ्या स्कीचा बेस सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी तापवून, दाबून केलेला) आहे, तो वॅक्स भरपूर पितो. स्नोबोर्डचा एक्सट्रूडेड (वितळवलेलं प्लास्टिक साच्यातून काढून केलेला), त्याला कमी पुरतं. एजलगत पांढुरका पट्टा दिसला की बेस कोरडा पडलाय असं समजायचं. सोबतचं वॅक्स फ्लोरिनविरहित आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये फ्लोरिनवालं वॅक्स बंद केलंय, आणि हौशी माणसाला तर त्याची गरज कधीच नव्हती.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे स्क्रेपर. त्याची कड लवकर गोल होते, मग वॅक्स निघायच्याऐवजी नुसतं फासलं जातं. कडेला धार लावायचं साधन संचात नाही, ते वेगळं घ्या. ब्रश दोन्ही चांगले: आधी पितळी, मग नायलॉनचा.

आता हंगाम संपल्यावर बेसवर आणि एजवरही वॅक्सचा जाड थर देऊन, न खरवडता सगळं ठेवून दिलंय, म्हणजे एजला गंज धरणार नाही. गाईड धातूचा असता तर पाचपैकी पाच दिले असते, आत्ता चार.