व्यसनप्रतिबंधाचे तास: कोकणातल्या हायस्कुलानं कोणता सरकारी मार्ग धरावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक हायस्कुलं शिक्षणसंस्थांची आहेत, जिल्हा परिषदेची नाहीत. पैशाचा विचार इथूनच सुरू होतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान (101 ते 250 पटाला वर्षाला 50 हजार) फक्त सरकारी शाळांना मिळतं. संस्थेच्या शाळेला वेतनेतर, म्हणजे पगार सोडून इतर खर्चाचं, अनुदान असतं आणि त्यात वीजबिल, खडू, पावसाआधीची कौलं एवढं भागलं तरी खूप. त्यामुळे आठवी ते दहावीसाठी व्यसनप्रतिबंधाचे तास घ्यायचे तर इतर मार्ग ताडून बघावे लागतात.

सगळ्यात मोठा निधी केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याकडे आहे. 15 ऑगस्ट 2020 ला सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियान त्याचंच. पण तो पैसा शाळेच्या खात्यात येत नाही. तो राज्याकडे जातो किंवा ई-अनुदान पोर्टलवरून अर्ज करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांकडे. शाळेला मिळू शकतं ते शिक्षकांचं 'नवचेतना' प्रशिक्षण, साहित्य आणि व्याख्याते. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना पत्र देताना मागणी नेमकी लिहा: 'दोन शिक्षकांना प्रशिक्षण हवे.' नुसतं 'मार्गदर्शन व्हावे' लिहिलंत, तर 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, एक भाषण, एक शपथ आणि एक फोटो एवढ्यावर काम संपतं.

आरोग्य खात्याचा राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम लहान असला तरी कोकणात त्याचा उपयोग जास्त आहे. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली 13 ते 15 वयाची 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. आपल्याकडे घरात मिश्री असते, टपरीवर पुडी असते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी मुलांच्या हाती काय येतं ते शिक्षकांना ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडून तंबाखूमुक्त शाळेची गुणपत्रिका घ्या. फलक, तंबाखू मॉनिटर (शाळेतच नेमलेला, नियमांवर लक्ष ठेवणारा), सहा महिन्यांत किमान एक उपक्रम आणि 100 यार्डांची, म्हणजे सुमारे 91 मीटरची, पिवळी रेषा एवढं त्यात येतं. हे अंतर रस्त्यानं मोजायचं नसतं. गडग्याच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत धरायचं. वळणाच्या घाटीत रस्त्यानं दीडशे मीटर वाटणारी टपरी सरळ रेषेत साठ मीटरवर निघते, आणि वाद इथेच होतो. रेषा दसऱ्यानंतर मारा. मे महिन्यात मारलेला रंग श्रावणापर्यंतही टिकत नाही. टपरीवाला बहुधा गावातलाच, कधी पालकही असतो, म्हणून आधी समजावून सांगावं हे खरं. पण त्याला हेही कळू द्या की तंबाखू कायद्यात दंड 200 रुपयांपर्यंतच असला, तरी अल्पवयीनाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे.

तिसरा मार्ग आयुष्मान भारतखालच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाचा. 2020 चा हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून तयार होतात आणि वर्षाला 24 तास घेतात. अकरा विषयांपैकी एक व्यसनप्रतिबंधाचा आहे. रोख मदत जवळपास नाही, तरीही आमच्या मते पहिली पसंती यालाच द्यावी. संयुक्त राष्ट्रांचे व्यसनप्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष (2018 ची आवृत्ती) सांगतात की साधारण 10 ते 15 तासांची, आठवड्याला एक अशी, मुलांना बोलतं करणारी मालिका प्रशिक्षित माणसानं घेतली तर फरक पडतो. नुसती व्याख्यानं, भीती घालणं, पोलिसांनी घेतलेले तास आणि व्यसनातून सुटलेल्यांची कथनं यांचा उपयोग दिसलेला नाही. अमेरिकेत 1983 पासून पोलिसांनी शिकवलेल्या 'डेअर' कार्यक्रमावर भरपूर पैसा गेला. 2003 मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं अभ्यास तपासले, तेव्हा तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनांत लक्षणीय फरक आढळला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. अशा वेळी गावाला पोलिसांचं भाषण हवंसं वाटतं. सापडलेलं पाकीट न हाताळता कळवा, हे सांगायला पोलीस जरूर यावेत, मात्र नेहमीचे तास शिक्षकांचेच असावेत.

या तासांत व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याचा विषय वगळू नका. केंद्राच्या व्यसनांवरच्या 2019 च्या अहवालात हुंगण्याची द्रव्यं हा एकच प्रकार असा होता, ज्यात मुलांचं प्रमाण (1.17 टक्के) मोठ्यांपेक्षा (0.58) जास्त निघालं. ती कशी वापरतात हे मात्र वर्गात सांगू नये.

राहिली ग्रामपंचायत. रक्कम छोटी, पण हिशेब गावातच होतो. 160 मुलं, तासांसाठी प्रत्येकी 12 पानं, पानाला 2 रुपये धरले तर झेरॉक्सचे 3,840 रुपये. एवढा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मागता येतो. त्यासाठी 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा ठरणाऱ्या ग्रामसभेत विषय मांडलेला हवा.

कुठलाही निधी धरलात तरी अडचण एकच येते. पैसा मार्चमध्ये सुटतो, तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. मग बॅनर आणि नाश्ता होतो. म्हणून बारा तासांची मालिका जूनच्या शेवटी सुरू करून गणपतीच्या सुट्टीआधी आठ तास उरका, उरलेले चार दिवाळीनंतर घ्या. त्यातला एकही तास येणाऱ्या निधीवर अवलंबून ठेवू नका. आणि पहिल्या तासाआधी उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिकचा (किशोरवयीनांसाठीच्या सल्ला केंद्राचा) वार विचारून ठेवा, 14446 हा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक वर्गात लावा. तास सुरू झाले की एखादं मूल स्वतःहून बोलायला येतं. त्याला कुठे पाठवायचं हे त्याच दिवशी ठाऊक असावं लागतं.