ट्रान्सग्रेसिव्ह कादंबरी : अमेरिकन घ्यावी की ब्रिटिश?

ट्रान्सग्रेसिव्ह, म्हणजे समाजाने आखलेल्या मर्यादा मुद्दाम ओलांडणाऱ्या कादंबऱ्यांपैकी 'अमेरिकन सायको' आधी वाचू की ब्रिटनमधली 'ट्रेनस्पॉटिंग', असं विचारणारे अधूनमधून भेटतात. दोन्हींवरचे सिनेमे बहुतेकांनी पाहिलेले असतात, त्यामुळे आत काय वाढून ठेवलंय याची कल्पना असते. जास्त भयंकर कोण, या वादात मी पडत नाही. रक्त, ड्रग्ज, विकृती या बाबतीत दोन्ही देश एकमेकांना हार जात नाहीत. शिवाय 'वासूनाका' पचवलेल्या मराठी वाचकाला नुसत्या शिव्यांचं अप्रूप कितीसं असणार? फरक पडतो तो सांगणाऱ्याच्या आवाजात, आणि माझा कौल त्यावरच ठरला.

ब्रेट ईस्टन एलिसची 'अमेरिकन सायको' सायमन अँड शुस्टरने ऐनवेळी नाकारली आणि १९९१ साली व्हिंटेजने काढली. वॉल स्ट्रीटवरचा पॅट्रिक बेटमन समोर कुणी आलं की आधी त्याचा सूट कुठल्या ब्रँडचा, टाय कुठला, चष्मा ऑलिव्हर पीपल्सचा आहे का, हे सांगतो. मग त्याच सुरात खून सांगतो. मग अख्खं प्रकरण व्हिटनी ह्यूस्टनच्या अल्बमवर. सुरुवातीला हे अफाट विनोदी वाटतं. पण पुढे पुढे मी पानं गाळायला लागलो, आणि गाळत होतो ती कपड्यांची नव्हे, खुनांची! ज्या पानांसाठी पुस्तक गाजलं तीच मला कंटाळवाणी वाटू लागली. लेखकाने हे मुद्दाम केलंय, हे मला कळतं. बधिर माणूस दाखवायचा तर गद्यही बधिरच हवं, हा युक्तिवाद चुकीचा नाही. तरी चारशेच्या घरातली पानं तो एकच सपाट सूर सोसायचा असतो वाचकाने. चक पालानियुकची 'फाइट क्लब' (१९९६) त्या मानाने आटोपशीर आणि वेगवान आहे, फक्त तिची निम्मी वाक्यं टी-शर्टावर छापण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात.

अर्विन वेल्शची 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९३) त्रास देते, पण वेगळा. एडिनबर्गच्या लीथ भागातली ही पोरं, निवेदक सतत बदलतात, आणि बरंचसं पुस्तक स्कॉट्स बोलीत, उच्चारावरहुकूम लिहिलेलं. मनातल्या मनात वाचताना मी दर ओळीला अडखळलो. मोठ्याने वाचायला लागल्यावर मात्र एकेकाचा आवाज ओळखू यायला लागला. हेरॉइन सोडायच्या खटपटीत असलेला रेन्टन बुकीच्या दुकानातल्या तुंबलेल्या संडासात हात घालून अफूच्या गोळ्या शोधतो, तो प्रसंग घ्या. गोळ्या तोंडाने घ्यायच्या नाहीत, म्हणून तर त्या तिथे पोचल्या. वाचताना शिसारी येते, मग हसू फुटतं, आणि हसल्याबद्दल ओशाळायलाही होतं. हे ओशाळणं मला अमेरिकन पुस्तकांत फारसं भेटलं नाही. इयान बँक्सच्या 'द वास्प फॅक्टरी'त (१९८४) सोळा वर्षांचा फ्रँक आपण लहानपणी तीन मुलं मारल्याचं सांगतो, तेही आता सुटलेली जुनी खोड सांगावी इतक्या सहज. तिथेही तेच होतं.

दोन्हीकडचा स्वभाव एकाच पुस्तकात बघायचा तर अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९६२). मूळ ब्रिटिश आवृत्तीत एकवीस प्रकरणं. शेवटच्यात अ‍ॅलेक्सला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गुंड पोराला, मारामारीचाच कंटाळा येतो आणि संसाराचे विचार सुचू लागतात. अमेरिकन प्रकाशकाने ते प्रकरण गाळलं आणि १९८६पर्यंत तिकडे वीसच प्रकरणं वाचली गेली. कुब्रिकचा सिनेमाही तिथेच संपतो. मला एकविसावं प्रकरण थोडं गोडगोड वाटतं, पण गुंड कंटाळू शकतो ही कल्पना तो सुधारतच नाही या कल्पनेपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. जे. जी. बॅलार्डची 'क्रॅश' (१९७३) पक्की ब्रिटिश, पण मोटार अपघात आणि कामवासनेची तीच ती वर्णनं वाचताना मला बेटमनच आठवतो. उलट ह्यूबर्ट सेल्बीची 'लास्ट एक्झिट टू ब्रुकलिन' (१९६४) अमेरिकन असून बोलीच्या जोरावर उभी आहे. अवतरणचिन्हं नाहीत, अपॉस्ट्रॉफीच्या जागी तिरपी रेघ, आणि तरी कोण बोलतंय ते कळतं. या पुस्तकाला १९६७ साली अश्लील ठरवलं ते ब्रिटनमधल्या कोर्टाने, आणि पुढच्या वर्षी अपिलात ते सुटलं. तेव्हा ब्रिटिश मोकळे आणि अमेरिकन सोवळे, असंही समजू नये.

ज्यांना थंड, धारदार उपरोध आवडतो त्यांना माझं म्हणणं पटणार नाही कदाचित. त्यांनी एलिस जरूर घ्यावा, पण 'लेस दॅन झीरो'पासून (१९८५): आवाज तोच, पण कंटाळा यायच्या आत पुस्तक संपतं. बाकीच्यांना मी वेल्शच सुचवेन. बोलीची धास्ती वाटत असेल तर आधी इयान मॅक्युअनची 'द सिमेंट गार्डन' (१९७८) वाचा. आई वारल्यावर मुलं तिला तळघरात सिमेंटमध्ये पुरतात आणि घर चालवू लागतात, इतकीच गोष्ट. इंग्रजी सोपं आहे आणि रविवारी दुपारी बसलात तर संध्याकाळपर्यंत संपेल.