सवलतीतलं ई-पुस्तक: रोजचं पान बघायचं की विश लिस्ट लावायची?

किंडल स्टोअरवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, स्वस्तात पुस्तक गाठायचे दोन मार्ग. पहिला, सवलतीचं पान रोज उघडायचं. तिथली निवड दुकानाची, तुमची नव्हे. भरणा इंग्रजीचाच. शिवाय भाव पडलाय म्हणून नको ते घेतलं जातं, आणि ते उघडलंही जात नाही.

दुसरा, विश लिस्ट. आम्ही हिच्याच बाजूचे. हवी ती पुस्तकं ब्राउझरमधून यादीत टाका, पण टाकताना किंडल आवृत्तीच निवडलीय का ते बघा. पेपरबॅकवर खूण राहिली तर यादी कागदी प्रतीचाच भाव दाखवत बसते. नंतर भाव उतरला, की त्या पुस्तकाखाली टाकल्यापासून किती टक्के उतरला ते दिसतं. 198 चं 99 झालं, तर 50 टक्के. हा आकडा धरा. पुस्तकाच्या पानावरची छापील किमतीवरची भलीमोठी सूट कागदी प्रतीच्या तुलनेत असते. ई-पुस्तक कालही तेवढ्यालाच असू शकतं.

मार्ग कुठलाही असो, अँड्रॉइडच्या किंडल ॲपमधून खरेदी होत नाही, ब्राउझरच लागतो. चुकून घेतलं गेलं तर 7 दिवसांत ऑर्डर रद्द करता येते.

आणि कोल्हापुरात असाल, तर मराठी पुस्तकासाठी आधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे; तिथं प्रत मिळाली तर 99 सुद्धा महागच.