बेळगावच्या टिळकवाडीतलं झेरॉक्स आणि बाईंडिंगचं दुकान, काम एक नंबर

आरपीडी कॉर्नरवरून आत गेलं की जे छोटं दुकान लागतं त्याबद्दल लिहितोय. आमच्या वाचन मंडळाची पुस्तिका तिथं छापून घेतली आणि काम इतकं मनापासून केलंय की सांगितल्याशिवाय राहवेना.

विषय जरा वेगळा होता, दोन महायुद्धांच्या मधल्या डेन्मार्कमधलं 'तिसरी भूमिका' नावाचं राजकीय नियतकालिक. संपादक आर्ने सोरेन्सन, आधी सोशल डेमोक्रॅट, मग 1936 ला डान्स्क सामलिंग हा पक्ष काढला, ना डावे ना उजवे, राष्ट्र आणि ख्रिस्ती परंपरा धरून चालायचं अशी भूमिका. पार्लमेंटातल्या पक्षांवर ही मंडळी तुटून पडायची, पण 9 एप्रिल 1940 ला जर्मन सैन्य घुसल्यावर हेच लोक प्रतिकारात उतरले, 1943 च्या निवडणुकीत 3 जागा आल्या आणि 1945 ला सोरेन्सन मंत्री झाले.

आम्ही सीमेचं प्रकरण मुद्दाम मोठं घेतलं. 1920 ला डेन्मार्क-जर्मनी सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये, कुठल्या देशात जायचं यावर सार्वमत झालं, उत्तरेच्या पट्ट्याची मतं एकगठ्ठा मोजली म्हणून जर्मन बहुमताचं ट्योंडर गाव डेन्मार्कमध्ये गेलं, आणि मधल्या पट्ट्यात गाववार मोजणी झाली, तिथं सुमारे 80 टक्के मतं जर्मनीला पडली, फ्लेन्सबर्ग शहर जर्मनीतच राहिलं. त्या वादात डेन्मार्कच्या राजानं सरकारच बडतर्फ केलं! महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात खेडं हा घटक धरा म्हणून आपण सीमाभागातले मराठी लोक 1956 पासून ओरडायलोय, त्यामुळं हे वाचताना अंगावर काटा येतो, तिथं निदान लोकांना विचारलं तरी.

आता दुकानाचं. पहिल्या प्रिंटमध्ये डॅनिश अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले होते. कॉम्प्युटरवरच्या पोरानं न कुरकुरता फॉन्ट बदलला आणि प्रत्येक पान मूळ फाईलशी ताडून बघितलं. नकाशात दोन पट्टे काळ्यापांढऱ्यात एकसारखेच दिसत होते, तर एकाला तिरक्या रेघा मारून दिल्या, आणि घडी नेमकी फ्लेन्सबर्गवर पडत होती ती बाईंडिंगवाल्या काकांनी स्वतःहून सरकवली. शिलाई पक्की आहे, पुस्तिका टेबलावर सपाट उघडते, पानं सुटत नाहीत. रेटही वाजवी.

कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सीझनमध्ये मात्र जाऊ नका, फार थांबावं लागतं. आणि शिलाई पाहिजे म्हणून आधीच सांगा, नाहीतर साधा गम लावून देतात.