मन सावरलंय की बरं झालंय?

सावरणं म्हणजे आतलं दुखणं तेवढ्यापुरतं आवरून दिवस निभावणं, आणि त्याला मी कमी लेखत नाही. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं केलं की धडधड बरीच उतरते; उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. परीक्षेच्या तोंडावर जुनी जखम उकलत बसण्यात शहाणपण नाही. तिथे निभावून नेणंच योग्य.

पण सावरण्याला रोजची राखण लागते, आणि माझं मत फिरतं ते इथेच. एक रस्ता टाळायचा, एक नाव निघालं की विषय बदलायचा, फोनमधले ठरावीक फोटो उघडायचे नाहीत. दिवस शांत जातो, टाळायच्या गोष्टींची यादी मात्र लांबत जाते. टाळल्याबरोबर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी पाय आधीच मागे वळतात. म्हणून कुणी ‘आता काहीच वाटत नाही’ म्हणालं, तर यादीतलं काय गळलं ते विचारावं.

बरं होताना वाईट वाटतं, डोळेही भरतात, पण तेवढ्यानं अख्खा दिवस वाया जात नाही. ‘असो’ म्हणून अर्ध्यात न तोडता गोष्ट शेवटपर्यंत सांगता येते. ताणात किंवा अपुऱ्या झोपेत जुनं पुन्हा डोकावेल. भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव रुजतो.

त्यासाठी लिहिणं बऱ्याच जणांना मानवतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात अभ्यासलेली रीत सोपी आहे: सलग ३-४ दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, घडलं ते आणि वाटलं ते, दोन्ही. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं. अनेकांची वही पहिल्याच दिवशी मिटते ती त्यामुळे. चौथ्या दिवशीही तीच वाक्यं उतरत असतील तर ते नुसतं घोळणं. ‘कारण’, ‘आता लक्षात येतंय’ असे शब्द येऊ लागले तर गाडी पुढे सरकतेय. प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटून भान सुटत असेल, तर मात्र थांबा आणि हे काम समुपदेशकासोबतच करा.

एरवी यादीतली सगळ्यात सोपी गोष्ट निवडा आणि घालमेल थोडी ओसरेपर्यंत तिथेच थांबा. कानात गाणी नकोत. नाहीतर निभावल्याचं श्रेय गाण्यांना जातं आणि पुढच्या वेळी इअरफोन विसरले की तिथूनच माघारी यावं लागतं.