आठ महिने सगळीकडे एकच यूझर: 'विणकर'

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांची बिलिंगं आमच्याकडच्या अकरा सर्व्हरवर चालतात. ज्या वेळी जी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा जो प्रकार, सुचली ती टाकलेली. प्रत्येकीचा तयार मिळणारा लॉगिनचा यूझर, म्हणजे डीफॉल्ट यूझर, वेगळा. उबुंटूला यूझर 'उबुंटू', डेबियनला 'डेबियन', तोच डेबियन ॲमेझॉनच्या क्लाउडवर घेतला की 'ॲडमिन'. रॉकीला 'रॉकी', ॲमेझॉन लिनक्सला 'ईसीटू-यूझर'. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली, तरी आमचा पोरगा रोज विचारणार, "दादा, ह्याचा यूझर कुठला?"

शेवटी ठरवलं, नवीन मशीन कुठलीही असो, यूझर 'विणकर'.

पहिला फटका गड्ड्याच्या जत्रेच्या रात्री बसला. नवीन मशीन पहिल्यांदा सुरू होताना तिची मांडणी क्लाउड-इनिट हा प्रोग्राम करतो. त्याच्या फाईलमध्ये मी 'यूझर्स' लिहून त्याखाली विणकर टाकला. यादीत 'डीफॉल्ट' ही ओळ नाही आणि चावीही (पासवर्डऐवजी लॉगिनला लागणारी एसएसएच की) तिथे नाही, ती दिलेली कन्सोलवरून, म्हणजे क्लाउड कंपनीच्या वेबपानावरून. कन्सोलची चावी डीफॉल्ट यूझरला मिळते, आणि तो तर मीच उडवलेला. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरने, शिरायला गेलो तर उत्तर आलं: रूट नको, 'नन' या यूझरने लॉगिन करा. दहा सेकंदांनी कनेक्शन बंद. 'नन' नावाचा यूझर शोधत मी बराच वेळ घालवला, हे इथेच कबूल करतो. असा कोणी नसतोच. यूझर सापडला नाही की क्लाउड-इनिट ते नाव छापतं.

उपाय निघाला एका 'एस'चा. 'यूझर्स' नको, नुसतं 'यूझर: विणकर'. मग इमेजच्याच डीफॉल्ट यूझरचं नाव बदलतं. ग्रुप, सुडो (रूटचे अधिकार वापरायची मुभा), कन्सोलची चावी सगळं त्याच्याकडे येतं. तेव्हापासून एकही मशीन अडली नाही.

सुरक्षेसाठी नाव बदलत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांनी 2022 मध्ये 'पाय' हा तयार यूझर काढला, ते ठीकच. तिथे पासवर्डही सगळ्यांना ठाऊक होता. क्लाउड इमेजला मुळात पासवर्डच बंद असतो, आत येतं ते चावीने. आमच्या लॉगमध्ये 'ॲडमिन', 'उबुंटू' म्हणून ठोठावणारे आजही तितकेच आहेत.

तक्रार एकच. बॅकअपच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये उबुंटूच्या होम फोल्डरचा पत्ता ठोकून बसवलेला. नव्या मशीनवर चार दिवस बॅकअप झाला नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जुन्या तीन मशीनना मात्र हात लावलेला नाही. हे काम पहिल्या बूटलाच होतं, नंतर फाईल बदलून नाव बदलत नाही. त्यांचे यूझर एसएसएच कॉन्फिगमध्ये, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवरच्या लॉगिनच्या सेटिंग फाईलमध्ये, लिहून टाकलेत. चिठ्ठी अजून मॉनिटरवर आहे, पोरगा काढू देत नाही.