लांगकावीची किलिम खारफुटी सफर: घारींना न चारणारी बोट घ्या

मलेशियातल्या लांगकावी बेटावर अर्धा दिवस हाताशी असेल तर किलिमच्या खारफुटीत जाच. फक्त पैसे देण्याआधी नाववाल्याला विचारा, घारींना खायला टाकणार का? 'हो' म्हणाला तर दुसरी बोट बघा.

जेट्टीवर बोट माणशी मिळत नाही, अख्खी घ्यावी लागते आणि दर तासांवर ठरतो. घरचे सगळे एकत्र असलो की परवडतं. आम्ही चार तासांची घेतली. आमच्या नाववाल्याने चारा टाकणार नाही असं सांगितलं आणि शब्द पाळला. शेजारच्या बोटीतून मात्र कोंबडीची कातडी पाण्यात भिरकावणं चालू होतं. पांढऱ्या डोक्याच्या, तांबूस घारी झुंडीने झेपावतात, फोटो झकास येतात. पण आयतं मिळायला लागलं की पाखरू शिकार सोडतं, आणि त्या कातडीत कस तो काय असणार! आम्ही इंजिन बंद करून नुसते थांबलो, तर एक घार इतकी खालून गेली की पंजातला मासा दिसला.

वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा. पाणी उतरायला लागलं की निघावं. फारच उतरलं तर अरुंद फाट्यांत बोट शिरत नाही. चिखल उघडा पडला की कांदळाच्या मुळांखाली निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, पुढच्या परांवर रेटत सरकताना दिसतात, आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले असतात. आई कोकणातली. "अगं, ह्या तर आपल्या निवट्या!" म्हणत ती अशी वाकली की नाववाल्याने तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टाच धरला.

बोट सावकाश हाकायला सांगा. लाटांनी काठ ढासळतो आणि झाडांची मुळं उघडी पडतात. युनेस्कोने 2007 साली जिओपार्क (खडक-भूरूपांचा वारसा जपायचा प्रदेश) म्हणून मान्यता दिलेलं बेट आहे हे, जपायलाच हवं. वटवाघळांच्या गुहेत भिंतींना चिकटलेले जुने शिंपले जरूर बघा, कधीकाळी समुद्र तिथवर होता. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं थेट बोटीवर येतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो तरंगत्या मत्स्यशेतीवरच्या थांब्यासाठी: टाक्यांतले मासे बघण्यात बराच वेळ गेला. तो थांबा आधीच नको म्हणा आणि तेवढा वेळ खाडीत मागून घ्या.